बार्शी लाइट रेल्वे ते मदरबोर्ड : जुळणाऱ्या भागांचा इतिहास

शाळेच्या संगणक खोलीत दहा-बारा वर्षे चाललेला संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. दुरुस्ती करणारा तपासतो आणि सांगतो, "मदरबोर्ड गेला. या बोर्डाचा माल आता येत नाही. नवीन संगणकच घ्या, सर." पडदा, कीबोर्ड, डबा, प्रोसेसर, मेमरी हे सारे चांगले असते. तरीही एका भागापायी सगळेच अडगळीत जाते. सायकलची चेन तुटली तर आपण सायकल भंगारात घालत नाही. तालुक्याच्या कोणत्याही दुकानात नवी चेन मिळते आणि ती बसते. मग मदरबोर्डाच्या बाबतीत असे का होत नाही?

चेन 'बसते' याचे कारण असे की कधीकाळी कोणीतरी तिच्या कड्यांमधले अंतर ठरवले आणि इतरांनी ते मान्य केले. सुटा भाग जुळणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. तो माणसांनी केलेला करार असतो. करार टिकतो तोवर भाग मिळतात. करार बदलला की चांगले चालणारे यंत्रही पोरके होते. अशा कराराचे एक उत्तम उदाहरण बार्शीकरांच्या दारातच घडले. संगणकाकडे वळण्यापूर्वी ते पाहू.

बार्शीची छोटी गाडी

जीआयपी रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोचला. तो कुर्डुवाडीवरून गेला आणि धान्याची व कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी बाजूला राहिली. कुर्डुवाडी स्टेशनाचे त्या काळचे नाव 'बार्शी रोड' होते, यावरूनच या पेठेचे महत्त्व लक्षात येते. बार्शी ते स्टेशन हा सुमारे ३५ किलोमीटरचा प्रवास माल बैलगाडीने करी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जीआयपी रेल्वेच्या नोकरीत आला. बार्शीसारख्या गावांना स्वस्तात रेल्वे कशी देता येईल, हा प्रश्न त्याने हाती घेतला. मोठ्या मार्गाच्या रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिलिमीटर होते. कॅलथ्रॉपने ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, हे अंतर निवडले. १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ साली गाडी सुरू झाली.

अरुंद गेज ही कॅलथ्रॉपची एकट्याची कल्पना नव्हती. तसे मार्ग आधीही होते. त्याचे खरे काम पुढचे आहे. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. ते सर्वांत जड आसावर ठरते. इंजिनाच्या एका आसावर आठ टन भार आणि डब्यांच्या आसावर तीन टन, असे असेल तर सगळा मार्ग आठ टनांसाठी बांधावा लागतो. डब्यांच्या दृष्टीने ती ताकद वाया जाते. कॅलथ्रॉपने नियम केला, की इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको आणि मालडब्यांनी ही मर्यादा पुरेपूर वापरावी. इंजिनाचे वजन वाटले जावे म्हणून त्याला आठ चालक चाके दिली. त्यामुळे एका मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाचा हलका रूळही पुरला. मालडब्यांना पोलादी पत्र्याची दाबून बनवलेली एकाच मापाची चौकट ठेवली. त्या चौकटीवर उघडा डबा बसवा किंवा बंद, खालचा भाग तोच.

थोडक्यात, कॅलथ्रॉपने तीन गोष्टी पक्क्या केल्या : रुळांमधले अंतर, आसावरचा भार आणि चौकटीचे माप. बाकीचे मोकळे सोडले. चांगले प्रमाण असेच असते. ते दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात ती कड ठरवून देते. कडेच्या आत काय करायचे ते ज्याचे त्याच्यावर सोडते.

कुर्डुवाडीचा फलाट

या गाडीचा दोष कुर्डुवाडीला दिसे. तिथे ७६२ आणि १६७६ या दोन मापांची गाठ पडे आणि एकावरचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. बार्शीहून आलेले प्रत्येक पोते हमालांनी पाठीवर घेऊन मोठ्या गाडीत टाकायचे. बार्शीची गाडी आपल्या घरात पूर्ण जुळलेली होती, पण शेजाऱ्याशी जुळत नव्हती. या न जुळण्याची किंमत रोज वेळेत आणि मजुरीत मोजावी लागे.

कॅलथ्रॉपनेच बांधलेल्या इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या मार्गावर (१९०४ ते १९३४) यावर एक तोड काढली होती. खास बनवलेल्या सपाट, बुटक्या गाड्यांवर मोठ्या मार्गाचा अख्खा डबाच चढवत आणि अरुंद रुळांवरून नेत. संगणकवाले ज्याला अडॅप्टर म्हणतात, तो हाच.

बार्शीचा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत वाढून ३२५ किलोमीटरांचा झाला. १९५४ साली तो सरकारने घेतला. कुर्डुवाडीला या गाड्यांच्या दुरुस्तीचा स्वतंत्र कारखाना होता. त्यामुळे बाजारात न मिळणारे भाग घरीच तयार करता येत. १९९२ साली भारतीय रेल्वेने सर्वत्र एकच गेज करण्याचे धोरण स्वीकारले आणि २००८ साली लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रूपांतर पूर्ण झाले. छोट्या गाडीची इंजिने, डबे आणि रूळ सारे एकदम निरुपयोगी ठरले. ते मोडले होते म्हणून नव्हे. ज्या करारावर ते उभे होते तो करार संपला होता.

येथे आणखी एक बाब ध्यानात ठेवू. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या 'शकुंतला' गाडीचे गेजही ७६२ मिलिमीटरच होते. पण गेज सारखे म्हणून एका मार्गाचे कोणतेही इंजिन दुसऱ्या मार्गावर धावेलच असे नाही. आसावरचा भार रुळाला पेलला पाहिजे, डबे जोडणारे आकडे जुळले पाहिजेत, पुलाखालून आणि फलाटाशेजारून गाडी गेली पाहिजे. 'बसणे' आणि 'चालणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदरबोर्ड शोधताना नेमका हाच फरक नडतो.

स्क्रूचे आटे

कारखान्यांच्या जगात असा पहिला मोठा करार आट्यांबद्दल झाला. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडमध्ये सुचवले, की प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडण्याऐवजी सर्वांनी ५५ अंशांचा कोन आणि व्यासानुसार ठरलेली आट्यांची संख्या वापरावी. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचवला आणि तिकडे तो रूढ झाला. ही दोन घराणी वेगळी राहिली. पुढे मेट्रिक आट्यांची तिसरी भर पडली.

हा इतिहास संगणकाच्या डब्यातही सापडतो. डब्याचे झाकण आणि हार्ड डिस्क ज्यांनी बसवतात ते जाड आट्यांचे स्क्रू अमेरिकी इंची मापाचे असतात. सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे स्क्रू मेट्रिक, तीन मिलिमीटरचे असतात. एकाच्या जागी दुसरा पिळला की आटे जातात. दुरुस्ती करणाऱ्याच्या डबीत दोन कप्पे असतात ते यासाठी.

उघडा नकाशा आणि बंद पेटी

आता संगणकाकडे येऊ. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' नावाच्या प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले. शिकवण्यासाठी ते यंत्र छानच होते. पण त्याचा प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड आणि सर्व जोडण्या एका कंपनीच्या एका आराखड्यात गुंफलेल्या होत्या. त्याच्या बोर्डाला दुसऱ्या कोणाचा पर्याय नव्हता. १९९४ साली त्याचे उत्पादन थांबले आणि बोर्ड बिघडलेल्या यंत्राला दुसऱ्या बीबीसी मायक्रोखेरीज आधार उरला नाही.

याच्या उलट गोष्ट १९८१ साली अमेरिकेत घडली. आयबीएम कंपनीने आपला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणला. तो घाईने बनवायचा असल्याने बहुतेक भाग बाजारातून विकत घेतले होते. इतरांनी त्यासाठी कार्डे बनवावीत म्हणून कंपनीने तांत्रिक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. तीत विद्युतमंडलाच्या आकृत्या होत्या. कंपनीच्या हाती मुख्यतः एक गोष्ट राहिली, ती म्हणजे बायोस. चालू केल्यावर संगणकाला जागे करणारी ही छोटी आज्ञावली कॉपीराइटने संरक्षित होती. कॉम्पॅक कंपनीने मूळ आज्ञावली न उतरवता, तिचे काम काय ते पाहून, त्याच कामाची नवी आज्ञावली लिहवून घेतली आणि १९८३ पासून सुसंगत संगणक विकायला सुरुवात केली. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असे बायोस कोणालाही विकू लागली. मग कोणीही मदरबोर्ड बनवू शकत होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून गावोगाव जे 'असेंबल्ड' संगणक तयार झाले, त्यांचे मूळ या घटनेत आहे.

१९८४ साली आयबीएमने एटी हा संगणक आणला. त्याच्या बोर्डाची छिद्रे, खाचा आणि वीजजोडणी ही इतर कंपन्यांनी जशीच्या तशी उचलली. त्याची लहान आवृत्ती 'बेबी एटी' या नावाने दहा वर्षे चालली. कोणत्याही समितीने हे ठरवले नव्हते. सर्वांनी एकाची नक्कल केली आणि नकलेचे प्रमाण झाले. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ या मालिकेतून नवी, परवाना लागणारी जोडणी आणून हा उघडा दरवाजा बंद करू पाहिला. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कार्डांनाही सामावून घेणारी स्वतःची जोडणी जाहीर केली. बाजार उघड्या बाजूला राहिला आणि आयबीएमची बंद जोडणी मागे पडली.

एटीएक्स : टिकलेले माप

जुलै १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे माप प्रसिद्ध केले : बोर्ड ३०५ मिलिमीटर बाय २४४ मिलिमीटर, छिद्रांच्या जागा ठरलेल्या, मागच्या जोडण्यांसाठी एक ठरावीक आयताकृती खिडकी. १९९७ साली त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स आला, २४४ मिलिमीटर चौरस. त्याची बहुतेक छिद्रे एटीएक्सच्याच जागी असल्याने तो मोठ्या डब्यातही बसतो. २००४ साली इंटेलनेच बीटीएक्स हे नवे माप आणले, पण ते रुजले नाही. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीचा साधा एटीएक्स डबा असेल, तर आजचा बोर्डही त्यात सहसा बसतो. तीस वर्षे टिकलेला हा करार संगणकाच्या जगात दुर्मीळ आहे.

मग अडते कुठे? अडते प्रोसेसरच्या सॉकेटवर. १९९५ च्या सुमाराचे सॉकेट ७ इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर घेत असे. १९९७ साली इंटेलने स्लॉट १ आणला आणि वाटा वेगळ्या झाल्या. त्यानंतर इंटेलची सॉकेटे झपाट्याने बदलत गेली : २००१ साली ४७८ पिनांचे, २००४ साली ७७५ चे, २००९ साली ११५६ चे, २०११ साली ११५५ चे, २०१३ साली ११५० चे, २०१५ साली ११५१ चे.

यामागे व्यापार आहे, तसे शास्त्रीय कारणही आहे. पूर्वी मेमरीशी बोलणारे नियंत्रक मंडल मदरबोर्डावर असे. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली ते प्रोसेसरच्याच आत नेले. वेग वाढला, पण आता मेमरीची पिढी बदलली की प्रोसेसर बदलतो आणि बहुतेक वेळा सॉकेटही. एकाच्या बदलाने दोघांना बदलावे लागते. असे असले तरी दीर्घकाळ टिकणारे सॉकेट अशक्य नाही. एएमडीचे २०१६ सालचे एएम४ हे सॉकेट प्रोसेसरच्या अनेक पिढ्यांनी वापरले.

सारखे दिसते, पण चालत नाही

मेमरीच्या पट्टीत एक छोटी खाच असते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांना २४० संपर्क आहेत. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५ व्होल्ट, म्हणून खाचेची जागा वेगळी ठेवली आहे. चुकीची पट्टी बसतच नाही. ही प्रामाणिक रचना झाली. जे चालणार नाही ते बसूही नये, हा तिचा हेतू.

सगळीकडे असा प्रामाणिकपणा आढळत नाही. २०१७ साली इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांचे सॉकेट ११५१ संपर्कांचेच होते, पण आधीच्या ११५१ बोर्डांवर ते चालत नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या कंपनीच्या संगणकांत वीजजोडणीचा आकार एटीएक्सचाच होता, पण तारांचा क्रम निराळा. तिथे बाजारातला बोर्ड लावला तर जळण्याची शक्यता. त्याआधीच्या एटी बोर्डांना सहा-सहा पिनांच्या दोन जोडण्या असत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, हा नियम जुन्या दुरुस्ती करणाऱ्यांना पाठ असे, कारण उलट लावले तरी त्या बसत.

शोध कसा घ्यावा

या इतिहासावरून शोधाचा क्रम आपोआप ठरतो.

पहिले, बोर्ड खरोखर गेला आहे का ते पाहावे. तीन व्होल्टची गोल बॅटरी उतरली, वीजपुरवठ्याचा डबा खराब झाला किंवा मेमरीच्या संपर्कावर धूळ बसली तरी बोर्ड गेल्यासारखा वाटतो. २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर सदोष धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, लागले होते. त्यांची डोकी फुगतात. काही रुपयांचे धारित्र बदलून असे कितीतरी बोर्ड पुन्हा चालू झाले. (वीजपुरवठ्याचा डबा मात्र शाळेत उघडू नये, तार काढल्यावरही त्यात घातक विद्युतदाब काही काळ राहतो.)

दुसरे, बोर्डावर छापलेले नाव, क्रमांक आणि आवृत्ती लिहून घ्यावी. तोच बोर्ड जुन्या बाजारात मिळाला तर सर्वांत उत्तम. मोठ्या कंपनीचा तयार संगणक असेल तर बहुधा हाच मार्ग उरतो, कारण त्यांच्या डब्यांची आणि वीजजोडण्यांची मापे अनेकदा स्वतंत्र असतात.

तिसरे, तो नाही मिळाला तर क्रमाने जुळवावे : प्रोसेसरचे सॉकेट, त्या प्रोसेसरला बोर्डाच्या बायोसची मान्यता, मेमरीची पिढी, छिद्रांचे माप, वीजजोडणी (२० पिन की २४, आणि प्रोसेसरसाठी वेगळी चार पिनांची जोडणी आहे का), शेवटी हार्ड डिस्कची जोडणी, जुनी ४० पिनांची की २००३ नंतरची साटा.

चौथे, आज्ञावलींचा विचार करावा. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना सहसा मदरबोर्डाशी बांधलेला असतो. लिनक्सला ही अडचण नाही आणि वेगळ्या बोर्डावर नेलेली डिस्क ते बहुतेक वेळा निमूटपणे चालवते.

दुरुस्तीचा हक्क

आमच्यासारख्या प्रयोगशाळांत हा प्रश्न शाळेहूनही तीव्र असतो. एखादा वर्णपटमापक तीस वर्षे अचूक काम करतो. पण तो ज्या कार्डाने संगणकाला जोडला आहे, त्या कार्डाला आयबीएमच्या काळातली आयएसए खाच लागते, आणि ती २००० च्या सुमारास नेहमीच्या बोर्डांवरून नाहीशी झाली. काही कंपन्या कारखान्यांसाठी अशा खाचेचे बोर्ड पुढेही बनवत राहिल्या, म्हणून कित्येक उपकरणे वाचली. खाचेची मापे सर्वांना ठाऊक नसती, तर हे शक्य झाले नसते.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुसरा विषय कचरा झाल्यानंतरचा आहे, पहिला कचरा होऊ नये यासाठीचा. शिसे, तांबे आणि सोने असलेला बोर्ड वितळवून धातू परत मिळवण्यापेक्षा तो बोर्ड आणखी पाच वर्षे चालवणे केव्हाही स्वस्त पडते. त्यासाठी आकृत्या आणि मापे उघडी हवीत आणि सुटे भाग मिळायला हवेत. कुर्डुवाडीच्या कारखान्याने जे रेल्वेसाठी केले, ते तालुक्याच्या दुरुस्ती करणाऱ्याला संगणकासाठी करता यावे एवढीच ही अपेक्षा आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत एखादा बंद पडलेला संगणक असेलच. तारा काढून तो मुलांसमोर उघडा. बोर्डाची लांबी-रुंदी मोजायला सांगा आणि तो एटीएक्स की मायक्रो-एटीएक्स ते ओळखू द्या. दोन प्रकारचे स्क्रू वेगळे करून एका सेंटिमीटरात किती आटे आहेत ते भिंगाने मोजू द्या. मेमरीच्या पट्टीवरील खाच एका टोकापासून किती अंतरावर आहे याची नोंद घ्या आणि दुसऱ्या पिढीच्या पट्टीशी ताडून पाहा. प्रत्येक मापापुढे एकच प्रश्न लिहावा : हे कोणी ठरवले असेल, आणि इतरांनी का मानले? उत्तरे शोधताना मुलांच्या हाती बोर्डाचा क्रमांक लागेलच. तो घेऊन जुन्या बाजारात एकदा विचारून पाहावे.